जुनी हार्डडिस्क, नवा लॅपटॉप आणि बाबांच्या पंधरा वर्षांच्या फाइल्स

प्रश्न थोडक्यात असा. नारायण पेठेत वडिलांचं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. त्यांच्या जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, गेला. त्यावर आधी विंडोज ७ होतं, नंतर १० झालं. हार्डडिस्क चांगली आहे असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. मुलीने इंटेलच्या आठव्या पिढीचा, विंडोज ११ असलेला सेकंडहँड लॅपटॉप आणला. जुनी डिस्क त्यात बसवली तर सगळं होतं तसं चालू होईल का? की विंडोज नव्याने टाकावं लागेल? आणि टाकलं तर बाबांच्या फाइल्स राहतील का?

ताई, मी २२ वर्षं पुण्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतोय. उत्तराच्या आधी एक विनंती. ती डिस्क आत्ता कुठल्याही लॅपटॉपच्या पोटात बसवून चालू करू नका, आणि कोणी "आणा, फॉरमॅट मारून देतो" म्हणालं तर त्याच्या हातात देऊ नका. विंडोज परत मिळतं. बाबांनी पंधरा वर्षांत जुळवलेली पानं परत मिळत नाहीत. म्हणून आधी डेटाची प्रत, आणि मगच बाकीचं.

बसवून बघायला काय हरकत आहे, असं तुम्हाला वाटेल. हरकत अशी की विंडोज सुरू होताना डिस्कवर नुसतं वाचत नाही, लिहीतही असतं. लॅपटॉप काम चालू असताना बंद पडला असेल तर सुरू होताना डिस्क तपासणीही लागू शकते. डिस्क धडधाकट असेल तर काही बिघडत नाही. पण ती आतून झिजलेली असेल तर याच धावपळीत जाते. आणि "डिस्क चांगली आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा "जोडल्यावर दिसली" एवढाच असतो.

त्यामुळे पहिली खरेदी म्हणजे एक केसिंग, म्हणजे डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायची डबी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत २.५ इंची साटा डिस्कसाठी (साटा म्हणजे लॅपटॉपच्या हार्डडिस्कची नेहमीची जोडणी) यूएसबी ३ चं केसिंग मागा, किंवा नुसती साटा-टू-यूएसबी केबल घ्या. यूएसबी २ चं स्वस्तातलं घेऊ नका. ५०० जीबीची डिस्क यूएसबी २ वरून उतरवायला चार तासांच्या वर लागतात, यूएसबी ३ वर साधारण दोन. छोट्या फाइल्स खूप असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, आणि बॅटरी दमलेली असेल तर गुरुवारी सकाळी हे काम काढू नका. पुण्यात महावितरणची देखभाल गुरुवारी असते आणि कॉपी अर्ध्यात तुटली की कुठपर्यंत आलं होतं ते शोधण्यात दिवस जातो.

डिस्क जोडण्याआधी हातात धरून कानाशी न्या आणि मग केबल लावा. एकसारखी बारीक घरघर आली तर ठीक. ठराविक अंतराने टक्, टक् असा आवाज येत असेल तर त्याच क्षणी केबल काढा. तो आतल्या हेडचा, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या सुईसारख्या भागाचा आवाज असतो, आणि अशा डिस्कला प्रत्येक मिनिट महाग पडतं. तिथे घरगुती उपाय थांबतात आणि डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळा सुरू होते.

आवाज नीट असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडा. त्यात पुष्कळ ओळी दिसतील, तुम्ही दोनच बघा. एक, रीअलोकेटेड सेक्टर्स, म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने स्वतःच बदलून घेतलेल्या जागा. दुसरी, करंट पेंडिंग सेक्टर्स, म्हणजे वाचायला त्रास देणाऱ्या पण अजून निकाल न लागलेल्या जागा. दोन्ही शून्य असतील तर निर्धास्तपणे कॉपी करा. दुसरा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर माउसने फोल्डर ओढून कॉपी करू नका. विंडोज खराब जागेवर अडकून तिथेच पुन्हा पुन्हा डोकं आपटत राहतं. अशा वेळी विंडोजऐवजी लिनक्स चालू करून त्यावरून डीडी-रेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरतात. ते आधी चांगला भाग उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी परत येतं. हे पूर्वी केलं नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा, कारण त्यात मूळ आणि नवी डिस्क यांची अदलाबदल झाली तर सगळं पुसलं जातं.

जोडल्यावर कधी कधी विंडोज विचारतं की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. नाही म्हणा. ती डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नाही, विंडोजला ती समजली नाही एवढाच आहे. दुसरी एक खिडकी येईल की या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी तुम्हाला नाही. तिथे मात्र पुढे जा म्हणायला हरकत नाही. जुन्या विंडोजमधला वापरकर्ता या विंडोजच्या ओळखीचा नसतो म्हणून ती येते. फोल्डर मोठा असेल तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहील, तिला सरकू द्या.

आता काय काय उतरवायचं ते बघू. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह सगळे घेतात. डीटीपीच्या माणसाचा खरा खजिना त्याशिवाय आणखी एका जागी असतो, आणि तो दर वेळी विसरला जातो. ते म्हणजे फॉन्ट.

एक प्रसंग सांगतो. एक छपाईवाले गृहस्थ माझ्याकडे आले होते. दुसरीकडे त्यांचं विंडोज नव्याने टाकून झालं होतं. डेटा सगळा घेतला होता, एकही फाइल गेली नव्हती. त्यांनी पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली एक लग्नपत्रिका उघडून दाखवली. वर जिथे "श्री गजानन प्रसन्न" हवं, तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे आणि तिरप्या रेघा यांचा खच पडला होता. वधू-वरांची नावं तशीच, आजी-आजोबांचीही तशीच. चौकट आणि कडेची वेलबुट्टी मात्र जागच्या जागी. ते खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.

हे का होतं ते समजून घ्या. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातल्याच सी-डॅकचं आयएसएम, या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरांची आजची पद्धत, नसतं. फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. असतो तो इंग्रजी अक्षराचा कोड, आणि त्या कोडच्या जागी मराठी आकार दाखवायचं काम तो विशिष्ट फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की मजकूर वाचता येत नाही. त्याच कंपनीचा वेगळ्या मालिकेतला फॉन्ट लावला तरी काही अक्षरं बरोबर आणि काही चुकीची येतात, आणि ते जास्त धोक्याचं, कारण घाईत नजरेतून सुटतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. म्हणजे या फाइल्स नव्या काळात आपोआप कोणी वाचून देणार नाही. त्या उघडण्याची सगळी साधनं बाबांच्या त्या डिस्कवरच आहेत.

म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर अख्खा उतरवा. फाइल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर साध्या फोल्डरसारखा वागत नाही. जुन्या डिस्कवरचा उघडला तरी चालू लॅपटॉपचेच फॉन्ट समोर येण्याचा घोटाळा होऊ शकतो. त्यामुळे विंडोजमधल्या रोबोकॉपी या कमांडने किंवा एखाद्या वेगळ्या फाइल मॅनेजरने कॉपी करा, आणि नंतर श्रीलिपीच्या नावाच्या फाइल्स खरोखर आल्या का ते यादीत डोळ्यांनी बघा. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत फॉन्टची आणखी एक जागा आहे. एकाच वापरकर्त्यासाठी टाकलेले फॉन्ट त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेने जातात. ॲपडेटा लपवलेला असतो, आधी लपवलेल्या फाइल्स दाखवायची सोय चालू करा. श्रीलिपी किंवा आयएसएमचा डाँगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी लॅपटॉपला लावायची छोटी किल्ली, असेल तर तो आजच शोधून एका डबीत ठेवा. जुन्या लॅपटॉपच्या बॅगेत तो राहतो आणि बॅग भंगारात जाते.

बाकीचं पटकन सांगतो. टॅली असेल तर तिचा डेटा फोल्डर घ्या. आउटलुक असेल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल घ्या. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मात्र फोल्डर कॉपी करून येत नाहीत. ते विंडोजच्या लॉगिनला बांधून कुलूपबंद केलेले असतात. बाबा गूगल खात्याने सिंक करत असतील तर परत येतील, नाहीतर बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड नव्याने घ्यावे लागतील.

हे सगळं दोन जागी ठेवा. नव्या लॅपटॉपवर एक, आणि वेगळ्या बाहेरच्या ड्राइव्हवर एक. नव्या लॅपटॉपचं विंडोजही पुसायचं असेल तर तिथली प्रत मोजूच नका, तिसरी जागा बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न. जुनी डिस्क बसवली तर चालू होईल का? विंडोज ७ च्या काळात असं केलं की बहुतेक वेळा चुकीचा निळा पडदा येऊन सगळं तिथेच अडायचं. विंडोज १० बरंच समजूतदार आहे. नवा मदरबोर्ड दिसला की ते उपकरणं तयार करत असल्याचा संदेश दाखवतं, दोन-तीनदा रीस्टार्ट होतं आणि बहुतेक वेळा उभं राहतं. पण तुमच्या बाबतीत तीन अडचणी आहेत.

पहिली, जागेची. आठव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असते. २.५ इंची डिस्कची जागा रिकामी दिसते, पण ती बसवायचा पत्र्याचा कॅडी आणि मदरबोर्डला जोडणारी चपटी केबल आत नसते, कारण ते मॉडेल मुळात त्याशिवायच विकलेलं असतं. केबल प्रत्येक मॉडेलची वेगळी. मोठी बॅटरी असेल तर ती जागाच बॅटरीने व्यापलेली असते. शिवाय जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाडीची असू शकते आणि नव्या खाचेत ७ मिलिमीटरचीच मावते. आधी पाठ उघडून बघा, मग कॅडी मागवा.

दुसरी अडचण बूट करण्याच्या पद्धतीची. विंडोज ७ वरून १० केलेल्या डिस्कवर बहुतेक वेळा एमबीआर नावाची जुनी मांडणी असते आणि ती लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होते. नवा लॅपटॉप यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीचा, त्याला जीपीटी ही नवी मांडणी लागते. तशीच डिस्क लावली तर बूट करण्यासारखं काही सापडलं नाही असं तो म्हणेल आणि तुम्हाला वाटेल डिस्क गेली. ती गेलेली नसते. जुनं विंडोज ३२ बिटचं असेल तर मात्र ६४ बिटच्या यूईएफआयवर ते सुरू होणारच नाही.

तिसरी लायसन्सची. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्या मदरबोर्डला बांधलेलं असतं, आणि २०१५-१६ मध्ये मोफत मिळालेला १० चा हक्कसुद्धा त्या यंत्रापुरताच होता. बोर्ड बदलला की ॲक्टिव्हेशन जातं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स हलवता येतं. नव्या लॅपटॉपला त्याचं स्वतःचं लायसन्स असेल, बहुधा मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्येच साठवलेलं. म्हणजे त्यावर तीच आवृत्ती, होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो, नव्याने टाकली तर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, हेही लक्षात घ्या. आठव्या पिढीवर विंडोज ११ चालतं, मग रोजच्या कामाला मागे का जायचं?

म्हणून माझं मत असं. रोजच्या वापरासाठी नव्या लॅपटॉपच्या स्वतःच्या एसएसडीवर विंडोज ११ नव्याने टाका आणि त्यावर डेटा व फॉन्ट आणा. सेकंडहँड लॅपटॉपवर आधीच्या मालकाने काय टाकलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, तेवढ्यासाठीही हे बरं. पण बाबांच्या पेजमेकरची किंवा जुन्या कोरलड्रॉची सीडी हरवलेली असेल, तर जुनं विंडोज जिवंत ठेवण्याचा एक प्रयत्न जरूर करा. फक्त तो मूळ डिस्कवर करू नका. जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी साटा एसएसडी घ्या, तिच्यावर अख्ख्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करा आणि प्रयोग त्या क्लोनवर चालू द्या. इथे एम.२ एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगळ्या जोडणीची एसएसडी, नको म्हणतो, कारण साटावरून साटावर गेलं की जुन्या विंडोजला ड्रायव्हर ओळखीचा राहतो. क्लोन बसवून विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडा, आणि एमबीआर-टू-जीपीटी हे मायक्रोसॉफ्टचंच साधन आधी तपासणीसाठी आणि मग बदलासाठी चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देईल. हे सगळं होऊन विंडोज उठलं तरी पिन चालणार नाही, कारण पिन जुन्या यंत्राशी बांधलेला असतो. पूर्ण पासवर्ड लागतो. बाबांना तो आठवतो का ते आत्ताच विचारून ठेवा. हे जुनं विंडोज इंटरनेटला न जोडता फक्त जुन्या फाइल्स उघडण्यापुरतं ठेवा.

नव्या लॅपटॉपचं बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा, उघडण्याआधी त्याच्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का ते तपासा, कारण यात मी एका मुलाचं फार नुकसान झालेलं पाहिलंय. कोथरूडला राहणारा विद्यार्थी होता. वॉरंटीत त्याच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून मिळाला आणि घरी आल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. त्याने बिटलॉकर कधी चालू केलंच नव्हतं. विंडोजने स्वतःच डिस्क कुलूपबंद केली होती आणि की त्याच्या कॉलेजच्या खात्यात जमा केली होती. कॉलेज संपल्यावर ते खातं बंद झालं होतं. डिस्क उत्तम, एक सेक्टर खराब नाही, आणि शेवटच्या वर्षाचं सगळं काम आत अडकलेलं. त्यावर जगात कोणाकडेच उपाय नसतो. तो काढता येऊ नये म्हणूनच ते कुलूप बनवलेलं आहे.

तुमच्या जुन्या डिस्कवर हे असण्याची शक्यता कमी, पण नव्या लॅपटॉपवर भरपूर. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होतं. ते वाईट नाही, लॅपटॉप चोरीला गेला तर तेच वाचवतं. पण विंडोज टाकून झालं की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन तो ४८ आकड्यांचा क्रमांक उतरवून घ्या आणि कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा.

विंडोज टाकण्याचं काम त्यामानाने सोपं. ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करा. त्याआधी लॅपटॉपची पाठ उघडायची असेल तर आतल्या बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी काढा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, स्वेटरवर चटका बसतो, तेव्हा काम करण्याआधी नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून या. वहीच्या पानावर लॅपटॉपच्या पाठीची आकृती काढा आणि ज्या जागेचा स्क्रू तो त्या जागी कागदात खोचा. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या बाजूला टोचतो.

आणि इन्स्टॉलर सुरू करण्याआधी जुनी डिस्क, क्लोन, बाहेरचा ड्राइव्ह, सगळं काढून ठेवा. लॅपटॉपला फक्त ज्यावर विंडोज टाकायचं ती एसएसडी आणि पेनड्राइव्ह एवढंच लागलेलं असावं. इन्स्टॉलरच्या यादीत डिस्कना शून्य, एक असे नुसते क्रमांक असतात, आणि रात्री अकरा वाजता ते क्रमांक सारखेच दिसतात. हार्डडिस्क चुकून फॉरमॅट झाली आणि लगेच हात काढून घेतला तर पुष्कळ काही परत मिळतं. एसएसडीवर ट्रिम नावाची व्यवस्था मोकळ्या झालेल्या जागा खरोखर रिकाम्या करते, तिथे परत मिळवायला काही उरत नाही.

विंडोज टाकल्यावर वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका, ड्रायव्हर नसेल. मोबाइल केबलने जोडा, मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणारं यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज अपडेट उरलेले ड्रायव्हर स्वतः आणेल. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप अकराव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर ती खराब नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच पडद्यावर तो लोड करा.

सगळं झाल्यावर बाबांना समोर बसवा. त्यांनी स्वतः निवडलेल्या तीन फाइल्स उघडायला सांगा, एक अगदी जुनी, एक पत्रिका, एक दिवाळी अंकाचं पान. पडद्यावर बघून थांबू नका, प्रिंट काढा आणि जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवून जोडाक्षरं ताडून बघा. तोवर जुनी डिस्क पुसू नका. तारीख लिहून, अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा रंग दिसला, तर कॉपी सुरू करण्याआधी त्या खिडकीचा फोटो मला दाखवा, आकडे बघून पुढचं सांगतो.